ताईंशिवाय गोरव्याला

गुरुवार, ६ फेब्रु. १९९७

सकाळी उषाताई गेल्या. दूधवाल्याने बेल वाजवली, दार उघडेना. शेजारच्या पटेलबेनकडे चावी होती, त्यांनी आत जाऊन पाहिलं. खुर्चीत बसल्या बसल्याच. हार्ट.

फोन आला तेव्हा मी स्कूटर पुसत होतो. आज गुरुवार. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये ताईंची बैठक असते, घरातलं माणूस गेलेल्यांची. त्यांना नेण्या-आणण्याचं काम माझं. रिटायर झाल्यापासून दुसरं काही केलेलंच नाही म्हणा. फोन ठेवला आणि परत पुसायला लागलो. बायकोने, शैलाने, हातातलं फडकं काढून घेतलं.

स्मशानात गर्दी. बरेच चेहरे ओळखीचे, कुणाच्या ना कुणाच्या दारात पाहिलेले. युनिव्हर्सिटीतले दोन प्रोफेसर, गोरव्याचे दर्जी इक्बालभाई, युनिफॉर्ममधला एक कंडक्टर. सगळे सुटे सुटे उभे. एकमेकांना ओळखत नाहीत, सगळ्यांच्या ओळखीच्या एकट्या ताई. मागे कोणीतरी म्हणालं, "रडाववावाळां बेन गयां." रडवणाऱ्या बाई. ताईंना हे नाव आवडायचं. म्हणायच्या, डिग्रीपेक्षा बरं आहे.

रविवारचं काय करायचं? प्रकाशकडचं.

शुक्रवार, ७

डोक्यात तेच.

प्रकाश पाटील. जळगावकडचा, गोरव्यात एका कारखान्यात लेथवर. दिवाळीनंतर त्याची पिंकी, अडीच वर्षांची, अंगणातल्या पाण्याच्या टाक्यात पडून गेली. झाकण आजीने उघडलं होतं, प्रकाशच्या आईने. पाणी काढलं, गॅसवर दूध होतं म्हणून आत गेली, झाकायचं राहिलं. तेव्हापासून प्रकाश आईशी बोलत नाही. त्याची बायको सुनंदा कोणाशीच नाही. आजी आपलं वाढून घेते आणि मागच्या दारी बसून जेवते. जेवते म्हणायचं.

ताई दर रविवारी जायच्या. तिघांशी वेगवेगळं बोलायच्या. मी बाहेर. येत्या रविवारी तिघांना पहिल्यांदाच एका खोलीत बसवणार होत्या. प्रकाशने हो म्हटलं ते अटीवर: एकदा बसतो, मग आईला करजणला माझ्या बहिणीकडे कायमची सोडून येतो.

ताई घरातलं बाहेर कधी बोलायच्या नाहीत. फक्त आजीबद्दल एकदा बोलल्या. "मला जगायचं नाही म्हणते ती, आणि उगीच म्हणत नाही. अशी टाकून दिल्यासारखी करजणला पाठवली तर..."

गेल्या रविवारी परतताना मी विचारलं होतं, "ताई, तिघं बसल्यावर तुम्ही काय बोलणार?" काहीतरी म्हणाल्या. शेजारून टेम्पो गेला, ऐकू आलं नाही. मी म्हटलं, बरं.

शनिवार, ८

ताईंचे भाऊ पुण्याहून आलेत. ताईंच्या घरी मीटिंग. शोकसभा पुढच्या रविवारी. हॉल कुठला, अध्यक्ष कोण, फोटो कुठला. मी विचारलं, उद्या गोरव्याला कोण जाणार? दोघा प्रोफेसरांपैकी मोठे म्हणाले, "हे आता थांबवलेलं बरं. आपल्यात ट्रेन्ड कोणी नाही. नाजूक गोष्ट आहे, बोलायला जाल एक आणि होईल भलतंच."

बरोबरच आहे त्यांचं. मी जन्मभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात.

घरी शैलाला सांगितलं. "तुम्ही जाऊन काय करणार? वॅगन बुक करून देणार त्यांना?" म्हणाली. चिडलो. म्हटलं, निदान ताई गेल्या हे तरी सांगायला नको? उद्या चार वाजता ते वाट बघत बसतील. आणि मग प्रकाश म्हणेल, बसणं संपलं.

शैला ताईंबरोबर कधी कुठे गेली नाही. आमचा मुलगा अभय गेला तेव्हा ताई आमच्याकडे आल्या होत्या. मी बाहेर बसलो, शैला स्वयंपाकघरातून बाहेर येईना. ताई आत गेल्या, जमिनीवर बसल्या आणि मेथी निवडायला घेतली. "काय आवडायचं त्याला खायला?" त्यांचा पहिला प्रश्न सगळीकडे हाच. रडू नका असं त्या कोणाला म्हणाल्याचं मला आठवत नाही. किती दिवस नुसती भाजी निवडली दोघींनी. हळूहळू शैला माझ्याशी परत बोलायला लागली. इतके दिवस का बोलत नव्हती ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

संध्याकाळी इस्त्री करता करता म्हणाली, "मी येते उद्या."

रविवार, ९

आमच्या वासण्याहून गोरव्यापर्यंत स्कूटरवर. तारांवर उत्तरायणाचे, संक्रांतीचे, फाटके पतंग अजून लटकतायत.

प्रकाशच्या दारात रिक्षा उभी. आत ट्रंक दोरीने बांधून तयार. बसणं झालं की निघायचं, असं ठरवूनच होता.

त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. आजी माझ्या मागे बघत म्हणाली, "ताई कुठंय?" मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. सुनंदा भिंतीला टेकली. आजी होती तिथेच खाली बसली.

प्रकाश म्हणाला, "म्हणजे संपलंच. आता कोण बोलणार?" आणि ट्रंक उचलली.

मी दारात होतो. अडवायचं असं काही ठरवलं नव्हतं, पाय हलेनात.

"काका, बाजूला व्हा."

"जरा बस, प्रकाश."

"काका, माझा हात उठेल हं."

उठलाच. खांद्याला धक्का, चौकटीवर कोपर आपटलं. बाहेरून रिक्षावाला, "भाई, आवो छो के नहीं?"

तेवढ्यात शैला बोलली. आजीशेजारी जमिनीवर बसली होती, आवाजही चढवला नाही. "आमचा अभय हायवेवर गेला. रोज त्याला मी उठवायचे. त्या दिवशी ह्यांनी उठवलं, लवकर. मी उठवलं असतं तर तो मागाहून निघाला असता आणि तो ट्रक पुढे निघून गेला असता. म्हणून मी वर्षभर ह्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे आणि आत जायचे."

हे मला आज कळलं. तिथे, परक्या घरात, रिक्षावाल्यादेखत.

प्रकाश म्हणाला, "ते वेगळं, काकू. काकांचं काय चुकलं? हिने झाकण उघडं टाकलं."

"हो. वेगळं आहे. हिने उघडं टाकलं."

मी घाबरलो. आजीच्या तोंडावर! प्रोफेसरांचं भलतंच ते हेच, असं वाटलं. पण आजीने मान हलवली. "मीच टाकलं," म्हणाली. "मीच टाकलं, बाई." त्या घरात हे तिच्यासमोर आजवर कोणी बोललंच नव्हतं, सगळे तिला चुकवून चालत होते.

शैला म्हणाली, "आणि तिला रोज भरवत होतं कोण? न्हाऊ कोण घालत होतं? तेही हिनेच ना?"

सुनंदाच्या तोंडून आवाज आला. रडणं म्हणता येणार नाही त्याला. प्रकाशच्या हातून ट्रंक सुटली, तो बाहेर गेला. रिक्षा सुरू झाल्याचं ऐकलं. वाटलं, गेला हा पण. मग आत आला. "आज नको म्हटलं त्याला," एवढंच.

'आज' म्हणाला.

सुनंदाने चहा ठेवला. आजीने शैलाला विचारलं, "तुमच्या पोराला काय आवडायचं?" शैला म्हणाली, "सुरळीच्या वड्या." मग दोघी बोलत राहिल्या. प्रकाश भिंतीकडे तोंड करून बसला होता, पण उठला नाही.

सोमवार, १०

कोपर सुजलंय. शैलाने हळद लावली. कालच्याबद्दल ती बोलली नाही, मीही नाही.

मला तिला सांगायचं होतं की त्या दिवशी तिला ताप होता. झोपू दे म्हणून मी उठलो आणि अभयला उठवलं. सांगून काय होणार? पण ते तिच्या लक्षात आहे की...

गुरुवार, १३

कोणी सांगितलं नव्हतं तरी संध्याकाळी शाळेत गेलो. शैलाही. शिपायाने हॉल उघडून ठेवला होता. मागच्यापेक्षा जास्तच लोक आलेले. सुरुवात कोणी करायची ते कळेना. शेवटी इक्बालभाईंनी ताईंबद्दल सांगितलं. त्यांचा भाऊ गेला तेव्हा दंगलीचे दिवस होते, तरी ताई त्यांच्या गल्लीत चालत आल्या. पोलिसाने हटकलं तर म्हणाल्या, "मला उशीर होतोय." हसले सगळे. मग रडले.

सुनंदा आली होती, एकटी. निघताना शैलाला म्हणाली, सासूबाई आता आत जेवतात. मी वाढते. हे अजून बोलत नाहीत. ट्रंक तशीच बांधलेली आहे, सोडली पण नाही, उचलली पण नाही. "काकू, मला दोघांचीही भीती वाटते."

रविवार, १६

शोकसभा. पाच भाषणं. "समाजाची हानी." "समर्पित जीवन." खोटं नव्हतं काही. तरी दर भाषणाबरोबर ताई लांब लांब जाताहेत असं वाटत होतं. शैला मध्येच उठून पाणी प्यायला गेली ती परत आलीच नाही. बाहेर उभी होती.

सभेमुळे आज गोरव्याला जाणं झालं नाही. पुढच्या रविवारी जाऊ, असं म्हटलं.

सोमवार, १७

संध्याकाळी प्रकाश आला. कारखान्याच्या कपड्यांतच. सायकल फाटकाला लावली आणि बाहेरच उभा राहिला. शैलाने हाताला धरून आत आणलं.

"आईला काल करजणला सोडून आलो."

कालच! आणि आम्ही भाषणं ऐकत बसलो होतो.

शैलाने विचारलं, "तिकडे कशी वाटली?"

"रस्ताभर काही बोलली नाही. मीही नाही. बहिणीच्या दारात ट्रंक ठेवली, वळलो, तर म्हणाली, जेवून जा. मी म्हटलं, नको." थांबला. "काकू, मी बोललो ना तिच्याशी. दिवाळीनंतर पहिल्यांदा. आणि काय बोललो, तर नको."

चहा अर्धा ठेवला. बहिणीकडे फोन आहे का, मी विचारलं. नाही. शेजारी कोणाकडे? माहीत नाही. आज घरून निघताना सुनंदा काय म्हणाली? "काही नाही. आईचं ताट घासून वाढायला घेतलं होतं तिने. मग परत ठेवलं."

उठला. फाटकाशी जाऊन विचारलं, "काका, करजणची बस आता मिळेल?"

"मिळेल. डेपोवर जा."

सायकलवर बसला. कोपऱ्यावर गायी आणि रिक्षा अडकल्या होत्या, त्या गर्दीतून तो डेपोकडे वळला की गोरव्याकडे, दिसलं नाही.

शैला म्हणाली, "स्कूटर काढा ना. जाऊ त्याच्या मागे."

मी चावी घेतली. मग म्हटलं, "ताई गेल्या असत्या का?"

ती चपला घालून फाटकात उभी होती. म्हणाली, "माहीत नाही हो." मी स्कूटर काढली.