खाऱ्या पाण्याचा करार

प्रिय पेई-शान,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, टाकीचा आवाज का येत नाही गं मागून?" आणि मी पंप धुवायला काढलाय म्हणून वेळ मारून नेली. तुझे बाबा शेजारीच बसले होते. आपल्या घरात एका खोलीत शिंकलं तर दुसऱ्या खोलीतलं माणूस "देव बरं करो" म्हणतं, तिथे फोनवर काय बोलणार? म्हणून पत्र. ते आत्ता डायलिसिसला गेलेत. समुद्रदेवी मात्सूपुढे उदबत्ती लावली, भात टाकला आणि लिहायला बसले. पंप धुवायला काढलेला नाही, बाळा. टाकी गेली. पण ती कशी गेली ते कळायला ती आली कशी ते आधी कळायला हवं, आणि तेही मी तुला खरं सांगितलेलं नाही.

तुला वाटलं, बाबांना म्हातारपणी हौस आली. मीच तसं सांगितलं होतं. हौस कसली! मागच्या वर्षी नववर्षाची सुट्टी संपवून तू ओसाकाला परत गेलीस, आणि त्याच आठवड्यात त्यांनी जेवता जेवता मला सांगितलं, की आता मी डायलिसिसच्या त्या खुर्चीत जाऊन बसणार नाही. पुरे झालं. हातातली नस परत बंद पडली होती, पायात गोळे येत होते, तुझी किडनी घ्यायचं म्हटलं तरी हृदय ऑपरेशन सोसणार नाही असं डॉक्टरांनी सांगून झालं होतं. मी आधी भांडले, मग रडले, मग तुझ्या आत्याला बोलावलं. आ-मान आत्या म्हणजे काय, ती आल्या आल्या सुरू झाली, "हाई-शुंग, तुझ्या आधी मी मरायचं ठरलंय, रांग मोडू नकोस." तरी ते हसले नाहीत. शेवटी मीच म्हटलं, सांगा, काय दिलं तर जाल? तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाले, "मला एक समुद्र घरी आणू दे. तो जिवंत आहे तोवर मी जाईन." असा करार झाला. पाणबुड्याचं अर्धं आयुष्य बंदराच्या तळाशी काँक्रीटचे ठोकळे बसवण्यात गेलं आणि वर आल्यावर दुसऱ्यांनी पाहिलेल्या प्रवाळाच्या गोष्टी ऐकत बसले. गाळात त्यांना स्वतःचा हात दिसायचा नाही. मी हो म्हटलं. तुला माझा स्वभाव माहीत आहे, कांद्याच्या पातीची जुडी घेताना मी तीन दुकानं फिरते. पण टाकीचा खर्च मी वहीत हौसेच्या रकान्यात लिहिला नाही. औषधपाण्यात लिहिला.

टाकी आली, तिचं लोखंडी स्टँड आलं, आणि ती देव्हाऱ्याच्या शेजारी बसली, कारण दुसरी भिंत नाही. मला वाटलं, आता मासे येणार. कसले मासे! आधी आरओचं पाणी भरायचं, त्यात बादलीतलं मीठ मोजून विरघळवायचं, काचेच्या नळीत खारटपणा बघायचा, मग पंप लावून नुसतं फिरवत ठेवायचं. मग खडक आले. "जिवंत खडक" म्हणे. मी विचारलं, जिवंत आहेत तर हलत का नाहीत? त्यावर तो माशांचा दुकानवाला, को आडनावाचा, म्हणतो कसा, "काकू, तुमचे काका तरी कुठे हलतात, पण आहेत ना जिवंत?" तुझे बाबा इतके हसले की त्यांना धाप लागली. खडक ठेवल्यावर पुढे काहीच नाही. आठवडेच्या आठवडे काहीच नाही. पाण्यात विष तयार होतं, मग ते खाणारे जंतू तयार होतात, मग उरलेलं खाणारे दुसरे जंतू, आणि तोवर थांबायचं. शेजारची ओयांगबाई रोज डोकावून विचारायची, "सूप झालं का गं?" मग काचेवर तपकिरी घाण धरली. मी ब्रश घेऊन उभी राहिले तर बाबा ओरडले, "अगं हात नको लावू! घाणच तर कामाला लागलीय." चाळीस वर्षांच्या संसारात घाण पुसू नको असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग एकदा सकाळी त्यांनी मला हाक मारली, ती अशी, की मला वाटलं पडले. धावत गेले तर काचेला नाक लावून बसलेले. खडकाच्या भोकातून केसासारखे दोन पाय बाहेर आले होते. कुणी सोडला नव्हता तो जीव, खडकाबरोबर आपोआप आला होता. दिवसभर त्याचंच कौतुक. इस्पितळातल्या नर्सलासुद्धा सांगून आले. त्यानंतर गोगलगायी आल्या, लाल पट्ट्यांचा झिंगा आला, दोन जोकर मासे आले, आणि सगळ्यात शेवटी प्रवाळ, माणसाच्या पंजासारखं, उजेड लागला की बोटं उघडणारं. झिंग्याने पहिल्यांदा कात टाकली तेव्हा मला वाटलं मेला. मी उदबत्ती लावून त्याच्या नावाने मंत्र म्हणत बसले, आणि झिंगा आपला खडकामागून बघतोय! बाबांनी ती गोष्ट बंदरातल्या सगळ्या जुन्या मित्रांना सांगितली. तुलाही सांगितलीच असेल.

रोज टाकीतलं पाणी थोडं आटायचं, तेवढं गोडं पाणी वर घालावं लागायचं. ते काम त्यांचं. डायलिसिसमुळे मी त्यांना पिण्याचं पाणी मोजून कपात देते, दिवसभराचं तेवढंच, आणि ते टाकीत मगामागून मग ओतायचे. एकदा म्हणाले, "बघ, माझ्या वाटणीचं ही पिते." मी तोंड फिरवून भांडी घासायला गेले. पण ते जात होते, पेई-शान. सोमवार, बुधवार, शुक्रवार. कुरकुर नाही. गाडीत बसतानासुद्धा मला सांगायचे, दिवा इतक्या वाजता लाव, मासे दोनदाच खाऊ घाल, जास्त लाड करू नकोस. मी देवीला फळांची परडी बोलले होते, आणि दर महिन्याला वाहिली.

आता पुढचं. यात कुणाचा राग करू नकोस, आधीच सांगते. थंडी संपता संपता आत्या आली, बाबा इस्पितळात होते तेव्हा. तिने पिशवीतून जपून एक पुडी काढली. देवळात धुरावर फिरवून आणलेली जुनी तांब्याची सहा नाणी, लाल दोऱ्यात ओवलेली. तुला तिच्या दाराशी ठेवलेली बरणी आठवते ना, मिठाच्या पाण्यात नाणी घातलेली, घरातली पीडा शोषून घेणारी? टाकीसमोर उभी राहून मला म्हणाली, "वहिनी, एवढं खारं पाणी घरात, आणि नाणी नाहीत? हाई-शुंगची पीडा ओढून घ्यायला याहून मोठी बरणी कुठे मिळणार?" मलाही ते पटलं. पटलं काय, वेगळी बरणी आणायला नको म्हणून बरंच वाटलं. ज्याच्यासाठी उपाय करायचा त्याला तो दिसता कामा नये, म्हणून तिने दोरा खडकाच्या मागे सोडला आणि आम्ही दोघींनी हात जोडले. हात जोडताना माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

आधी गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मग झिंगा आडवा दिसला. मी रडले नाही, म्हटलं कात असेल. कात नव्हती. मग प्रवाळाने बोटं मिटली ती उघडलीच नाहीत, आणि त्याचं मांस पाण्यात सुटायला लागलं, भिजलेल्या कागदासारखं. बाबा रोज पाणी तपासायचे, थोडं पाणी बदलायचे, पंप खोलून बघायचे. सगळं बरोबर निघायचं. शेवटी बाटलीत पाणी घेऊन कोकडे गेले. कोने थेंब टाकून रंग बघितला आणि विचारलं, "काका, पाण्यात तांबं उतरलंय, टाकीत तांब्याचं काही पडलंय का?" बाबा म्हणाले, छे. घरी आले, उभ्या उभ्या खडक हलवला आणि चिमट्याने दोरा वर ओढला. नाणी हिरवी पडली होती. त्यांनी ती वर्तमानपत्रावर ठेवली आणि मला विचारलं, कुणाची? मी सांगितलं. पुष्कळ वेळ नाणी उलटसुलट करत बसले आणि म्हणाले, "ताईने चांगली जुनी आणलीत. हल्ली अशी मिळत नाहीत." बस, एवढंच.

आत्याला त्यांनी सांगितलं की वीज गेली, पंप बंद पडला, सगळं मेलं. आत्याने वीज कंपनीचा उद्धार केला, आणि मग त्यांचा हात धरून म्हणाली, "जाऊ दे रे. तुझी पीडा त्या झिंग्याने घेतली. तो तुझ्याऐवजी मेला, समज." ते म्हणाले, "हो ताई." तूही तिला कधी काही सांगू नकोस. ती रोज देवीचे आभार मानते आहे.

मासे तेवढे जगले, त्यांना तांबं सोसतं म्हणे. ते कोच्या दुकानात परत दिले. खडक धुऊन चालत नाहीत, तांबं आत मुरतं, टाकूनच द्यावे लागतात. गॅलरीत वाळत ठेवले होते तर आठवडाभर बंदराच्या तळासारखा वास येत होता. मी बाबांना न सांगता कोकडे गेले. म्हटलं, सगळं नव्याने सांग, काय लागेल ते, मी घासाघीस करणार नाही. तो बिचारा म्हणाला, काकू, खडक मी असेच देतो. घरी येऊन सांगितलं तर ते हसले. "श्यू-ओ, करार काय होता? मी फसवलं का तुला? जिवंत होता तोवर गेलो ना?" मी म्हटलं, ती आमची चूक, तुमच्या समुद्राची नाही, हे मरण करारात धरू नका. ते म्हणाले, "मरायला कारण लागतंच कुठलं तरी. बिचाऱ्या नाण्यांना कशाला दोष?" आणि मग हळूच म्हणाले, की टाकी असती तरी फार दिवस गेलो नसतो, पाय उचलत नाहीत आता, तुला बोललो नाही. मी देवळात जाऊन कौल लावायच्या दोन लाकडी चंद्रकोरी टाकल्या. विचारलं, यांचं मन वळेल का? दोन्ही उताण्या पडल्या. देवी हसली, म्हणजे उत्तर देत नाही. परत टाकल्या, परत हसली. मागे लोक रांगेत उभे होते, म्हणून उठले.

आता हे सगळं लिहायचं कारण. मात्सूच्या जन्मोत्सवाची पालखी आपल्या गल्लीतून जाईल तोवर ते डायलिसिसला जाणार आहेत; आत्याबरोबर उभं राहून पालखी बघायचा शब्द त्यांनी दिलाय. पालखीनंतरच्या गुरुवारी इस्पितळात बैठक आहे. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांची इच्छा आम्ही पुन्हा पुन्हा विचारून घेतली, पण घरच्यांना समोर बसवून विचारल्याशिवाय आम्ही उपचार थांबवत नाही. मला विचारलं, तुमची हरकत आहे? मी म्हटलं, नाही. आता ते तुला विचारणार. काल तू आत्याला फोन केलास, तिने विजेची गोष्ट सांगितली, आणि मी बाबांना नवी टाकी पाठवते असं तू म्हणालीस, ते मला कळलं. पाठवू नकोस. तू ये. पण समजूत घालायला येऊ नकोस, पोरी. ते माझं ऐकत नाहीत, आत्याचं ऐकत नाहीत, पण तुझं ऐकतील, आणि मला त्याचीच भीती वाटते. तू रडून गळ घातलीस तर ते मुकाट्याने परत त्या खुर्चीत जाऊन बसतील, तुझ्यासाठी, आणि ते कसे बसतील ते मला रोज बघावं लागेल. मी त्यांना न सोडायचे सगळे उपाय करून पाहिले. आता सोडायचं एवढंच उरलं आहे, आणि ते मला एकटीने होत नाही. बैठकीत माझ्या शेजारी बस. हरकत आहे का विचारलं, की नाही म्हण. जरा मोठ्याने म्हण. पाण्याखाली राहून त्यांचा डावा कान गेलाय, आणि त्यांना ते तुझ्या तोंडून नीट ऐकू यायला हवं.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई