एका कोटामागे एक ब्लँकेट

सोमवार, १ नोव्हेंबर
कारखान्याच्या मालकीण मॅडमनी सगळ्यांना जमवून जाहीर केलं: आपला ब्रँड यापुढे नफा बेघरांसाठी वापरणार. एका कोटामागे एक ब्लँकेट. बोलताना सारख्या माझ्याकडे बघत होत्या. साहजिक आहे. कटिंग मास्टरशिवाय कोट कुठला? (माझ्या डोक्यामागे भिंतीवर घड्याळ आहे, असं आक्का म्हणते. आक्का माझी मोठी बहीण, तिथेच मशीनवर बसते. स्वभाव संशयी.)
संकल्प: रविवारची सुट्टी समाजाला अर्पण. पगार न घेता ब्लँकेटं कापणार.

मंगळवार, २ नोव्हेंबर
अडचण. मी कापलेलं शिवणार कोण? शिलाईच्या दहाही बायकांपुढे माणुसकीवर बोललो. कोणी हलेना. शेवटी म्हणालो, माझ्यावर विश्वास आहे ना? सगळ्या तयार! वक्तृत्व आहे आपल्यात.

रविवार, ७ नोव्हेंबर
सगळ्या आल्या. एकीचं पोर तापाने फणफणलेलं, तरी आली. आक्का म्हणाली, तिला घरी पाठव. मी म्हणालो, थंडीत कुडकुडणाऱ्यांचा विचार कर. आक्काने मशीन सुरू केलं. पटलं असावं.

रविवार, २१ नोव्हेंबर
तिसरा रविवार. पाठ धरली आहे. मॅडम म्हणाल्या, तुम्ही तर आमच्या घरचेच. बायको म्हणाली, म्हणूनच सुट्टी नाही वाटतं. दुर्लक्ष केलं.

मंगळवार, २३ नोव्हेंबर
आपली ब्लँकेटं जातात त्या निवारा केंद्राला भेट द्यायची. मॅडमना न सांगता. तिथे कौतुक झाल्यावर काय बोलायचं, ते लिहून काढलं. अडीच पानं. नम्रपणा दोन ठिकाणी घातला आहे.

गुरुवार, २५ नोव्हेंबर
केंद्र म्हणजे जुनं गोदाम. ओळीने खाटा. व्यवस्थापकांना ब्रँडचं नाव सांगितलं. म्हणाले, "अच्छा, ती फोटोवाली मंडळी!" एकदाच आली होती म्हणे. चाळीस ब्लँकेटं वाटली, फोटो काढले, आणि गोळा करून परत नेली. एक म्हातारे सोडेनात, तर त्यांच्या हातातून ओढून घेतलं.
धुवायला नेली असणार.
भाषण खिशातच राहिलं.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर
मॅडमना खडसावायला गेलो. बसा म्हणाल्या. बसलो. तिथेच चूक झाली. ब्लँकेटांचं विचारलं. म्हणाल्या, "अहो, पुढच्या फोटोला लागतील ना! आधी ब्रँड उभा राहू दे, मग माणसं आहेतच." नंतर गोड आवाजात, या रविवारी सगळ्या येताहेत ना?
"हो" कोण म्हणालं, आठवत नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो.

शनिवार, २७ नोव्हेंबर
आक्काला सगळं सांगितलं. वाटलं, माझी कीव करेल. केसाने गळा कापला गेला तो माझा! तिने सुईत दोरा ओवला, गाठ मारली. मग म्हणाली, "त्या बाईला आम्ही कुठे ओळखतो? आम्ही तुझ्या तोंडाकडे बघून आलो."
जेवण गेलं नाही.

रविवार, २८ नोव्हेंबर
ठरवलं: सकाळीच सगळ्यांच्या घरी जायचं, काही न लपवता सांगायचं, माफी मागायची.
पहिलं घर काजं-बटणं करणारीचं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "अगंबाई! मास्तर, तुम्ही स्वतः कामाला न्यायला आलात?" डोळ्यांत पाणी तिच्या. पायांत चप्पल.
मी म्हणालो, जरा प्यायला पाणी देता का?
तीन पेले प्यालो. ती दाराला लावायचं कुलूप हातात घेऊन उभी.