छत्रीच्या बाह्या

आंधळगाव, ता. मोहाडी
मे महिना, सरता आठवडा

तीर्थस्वरूप रत्नमाला आत्यास,

मनालीचा सविनय जयभीम. (तीर्थस्वरूप कसं लिहायचं ते आईला विचारून लिहिलं, जयभीम माझ्या मनाने.) आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. तूही खुशाल असशीलच, कारण नर्सच आजारी पडली तर तिच्याकडे पाहायचं कोणी, असं आजी म्हणते. तुझी रात्रपाळी संपली का? कूलरची मोटर दुरुस्त झाली का? इथे ऊन असं आहे की मोहल्ल्यातल्या कोंबड्या दुपारी आमच्या रांजणाखालच्या ओलीत येऊन बसतात आणि मी खाटेवरून त्यांचा हेवा करते. पत्र अशासाठी लिहिते आहे की फोन शेजारच्या जनाबाईंच्या घरी आहे, आणि तिथून सकाळी बोललेलं संध्याकाळी बसस्टँडवर ऐकू येतं. शिवाय मला जे सांगायचं आहे ते लांब आहे, आणि मध्येच खोकला आल्यासारखं करून जनाबाई आत येतात.

तुला माहीत आहे की मी पोहण्यात जिल्ह्यात पहिली आले. (बाबा हे सगळ्यांना सांगतात आणि लगेच पुढे हेही सांगतात की गोंदिया जिल्हा वेगळा झाला म्हणून आली, नाही तर तिकडच्या पोरींनी हिला दिसूसुद्धा दिलं नसतं. माझ्या गटात आम्ही दोघीच होतो आणि दुसरीला गालगुंड झालं होतं, हेही ते लपवत नाहीत. पण पहिली म्हणजे पहिली. गोंदिया काही मी वेगळा केला नाही.) तर आता जूनमध्ये नागपूरला निवड चाचणी आहे, तुझ्या खोलीपासून जवळच. आमचे सर म्हणाले, सुटीत हातपाय हलते ठेव आणि सामान सांभाळ. मी हातापायांचीच काळजी करत बसले.

सामान म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्या घरात ते कोणालाच सामान वाटत नाही. निळा चष्मा, तो लावला की पाण्याखालच्या फरशीचा चौकोन न् चौकोन दिसतो. पिवळी रबरी टोपी. निळी हलकी फळी, ती हातात धरून नुसते पाय मारायचे असतात. आणि काळा कॉश्च्युम. जगात माझ्या आवडीच्या वस्तू एवढ्याच. (आमरस आणि सरगुंडेही आवडतात, पण ते पिशवीत राहत नाहीत.) हे सगळं घेऊन मी जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमधून निघाले, आणि खरं सांगते आत्या, या उन्हाळ्यात मी फारशी पोहले नाही, माझं सामान मात्र भरपूर हिंडलं.

पहिला मुक्काम साकोलीला, मोठ्या बाबांकडे. त्यांच्या गुड्डीताईच्या लग्नाला तू ड्युटीपायी आली नाहीस म्हणून मोठी आई अजून फुगून आहे, तेव्हा पुढच्या वेळी तिच्यासाठी काहीतरी घेऊन जा. लग्न चांगलं झालं. जेवण त्याहून चांगलं झालं आणि त्याचं निम्मं श्रेय माझं आहे, जे मला कोणी दिलं नाही. आदल्या दिवशी आचारी डोमाकाका पोतंभर कांदा घेऊन बसले होते. त्यांच्या हाताखालच्या बाया रडून रडून अशा झाल्या की नवरदेवाकडची माणसं सामान घेऊन आली ती मांडवाच्या तोंडाशीच थबकली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने तर मोठ्या बाबांच्या खांद्यावर हात ठेवून, कधी झालं, म्हणून विचारलं. मोठ्या बाबांचं तोंड पांढरं पडलं. मला दया आली आणि मी पिशवीतून चष्मा काढून डोमाकाकांना दिला. त्यांनी एक कांदा चिरला, दुसरा चिरला आणि ओरडले, “अरे, हा तं डोळ्याले काहीच लागू देत नाही!” त्यानंतर तो चष्मा त्यांच्या तोंडावरून उतरलाच नाही. पंगतीत जिलबीचा आग्रह करताना तोच, आणि गुड्डीताईशेजारी उभं राहून काढलेल्या फोटोतही तोच. (अल्बम आला की पाहा. निळ्या डोळ्यांचे ते डोमाकाका, नवरदेव त्यांच्या पलीकडचा.) मी परत मागितला तर मोठे बाबा म्हणाले, लग्नघरात आचाऱ्याचं मन दुखवू नये. दुसऱ्या दिवशी डोमाकाका लाखनीच्या लग्नाला गेले. लग्नसराई संपली की देतो म्हणाले आहेत.

तिथून मी आणि आई आजीकडे आलो. बाबांची सुटी लग्नातच संपल्यामुळे ते आता फक्त रविवारी स्कूटरने येतात. आजीचं लोणचं घालणं चाललं होतं. बरणीला बांधायचा दादरा उंदराने कुरतडलेला निघाला, आणि आजीला माझी टोपी दिसली. तिने ती बरणीच्या तोंडावर ओढून बसवली, बोटाने टिचकी मारली, टोपी ढोलकीसारखी वाजली, आणि विषय संपला. आता वर्षभर टोपी काढता येणार नाही, कारण लोणच्याला हवा लागेल. फळीचं तर मी काही बोलूच शकत नाही. आजीच्या गुडघ्यांना ती मानवली. बुद्धपौर्णिमेला विहारात वंदनेला आजी ती काखेत मारून गेली, तिच्यावर बसली, आणि दुसऱ्या म्हाताऱ्यांचं लक्ष सबंध वेळ त्या फळीकडेच होतं. अशी फळी कुठे मिळते म्हणून मला आजवर किती जणींनी विचारलं असेल! मी पोहायची आहे म्हणून सांगितलं तर त्या हसल्या.

इथवर मी हसत होते. पण मग कॉश्च्युमची पाळी आली. मी तो धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळत घातला, आजीने पाहताच त्याच्यावर स्वतःचं लुगडं पसरलं, आणि वाऱ्याने लुगडं उडालं तेव्हाच जनाबाई कुंपणाशी होत्या. हे कोणाचं, असं त्यांनी विचारलं. आजी गडबडली आणि म्हणाली, लहान लेकराचं झबलं आहे. आता घरात लहान लेकरू नाही हे जनाबाईंना ठाऊक, म्हणजे ते यायचं असणार, आणि कोणाला ते त्यांनी आईकडे पाहून ठरवलं. (झबल्याच्या मापावरून लेकरू दणकट निघणार, असंही त्या पाण्याच्या नळावर बोलल्याचं कळलं.) दुसऱ्या दिवशी दोघीजणी डिंकाचे लाडू घेऊन आल्या. आई जिना असता तर माळ्यावर जाऊन बसली असती, जिना नाही म्हणून ती चुलीपुढे बसून राहिली. आणि रविवारी बाबा आले, ते पानठेल्यावर थांबले, तिथे चार माणसांनी त्यांचं अभिनंदन केलं.

बाबा घरी आले तेव्हा त्यांचे कान लाल होते. सगळा उलगडा झाल्यावर त्यांनी कॉश्च्युम दोन बोटांत धरला आणि म्हणाले, पोरगी आता नववीत जाईल, हे असले कपडे आता बंद, आणि नागपूरही बंद. आत्या, मी त्या दिवशी खूप रडले, कांद्याशिवाय. पाण्यात असले की मला माझे पुढे आलेले दात आठवत नाहीत, गणिताचे मार्क आठवत नाहीत, आणि मी कोणाची पोरगी, केवढी झाली, हेही कोणी विचारत नाही. जिल्ह्यात दोघीत पहिली आले हे मला कळतं. म्हणूनच मला नागपूरला जाऊन पाहायचं होतं की पुष्कळ जणींत मी कितवी. मी जेवणार नाही असं सांगितलं आणि जेवले नाही. (संध्याकाळी आमरस होता, तो जेवणात धरत नाहीत.)

मग सोमवारपासून आजी दुपारी जनाबाईंच्या शिलाई मशीनवर जाऊन बसायला लागली, तुझ्या हॉस्पिटलात मोतीबिंदू काढलेले डोळे घेऊन. काय शिवते ते सांगेना. पुढच्या रविवारी बाबा आल्यावर तिने माझा कॉश्च्युम आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. बाबांच्या मोडक्या छत्रीचं काळं कापड उसवून तिने त्याला कोपरापर्यंत बाह्या लावल्या होत्या आणि कमरेला गुडघ्यापर्यंत झालर. छत्रीचंच का, तर छत्रीच्या कापडाले पाणी लागत नाही, म्हणून! बाबांनी तो उलटसुलट पाहिला, बाह्या ओढून पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. “आता कसं! असा पाह्यजे कपडा. जाय नागपूरले,” असं ते जनाबाईंच्या देखत म्हणाले.

आणि लगेच सगळे मला घेऊन तलावावर गेले. उन्हाळ्यामुळे पाणी पाळीजवळच्या खोलगटातच उरलं आहे, त्यात जनाबाईंची म्हैस बसली होती. आजी पाळीवर फळी टाकून बसली. मी उडी मारली आणि पाण्यात छत्री उघडली. आत्या, मी अतिशयोक्ती करत नाही, झालर चारी बाजूंनी वर आली आणि मी मध्ये दांड्यासारखी उभी. कशीबशी आडवी झाले तर हात उचलला की बाहीतून अर्धी बादली पाणी निघायचं आणि हात टाकला की तेवढंच परत भरायचं. मी जीव तोडून पोहत होते आणि पाळ आहे तिथेच होती. तेवढ्यात म्हैस उठली, माझ्या बाजूने पुढे गेली, आणि जाताना तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काठावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. (म्हशीसाठी की माझ्यासाठी ते मी विचारलं नाही.) बाबांना वाटलं, तलावाच्या गाळामुळे मी मागे पडले. आजी माझे केस पुसताना खूश दिसत होती, म्हणून मीही छान झालं म्हणाले.

तर अशी इकडची खुशाली. कूलरचं कळव. थोरांना जयभीम, तुझ्या खोलीतल्या मैत्रिणींना नमस्ते.

तुझी भाची,
मनाली

ता. क. खरं काम हे आहे. मला एक नवा कॉश्च्युम घेऊन ठेवशील का? काळाच घे, माप गेल्या वर्षीचंच पण थोडा मोठा. मी आजीचा कॉश्च्युम घालून घरून निघेन आणि तुझ्याकडे बदलेन. पण आजीला हे कधीच कळता कामा नये. तिने डोळे ताणून ताणून त्या बाह्या शिवल्या आहेत, आणि मला तिचं मन मोडायचं नाही.

ता. क. दुसरा. घोटाळा झाला. काय लिहिलं ते वाचून दाखव, असं आजी म्हणाली. मी सगळं वाचलं, फक्त तलावातली छत्री आणि वरचा ताजा कलम गाळला. ती म्हणाली, “काहून वं, एवढं भरलं पान अन् एवढ्यात झालं?” मग कागद हातात घेऊन माझ्या डोळ्यांनी जिथून उडी मारली नेमक्या त्याच जागी बोट ठेवलं. मला गाळलेलं सगळं वाचावं लागलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती पोट धरून हसली, आणि म्हणाली, आता माह्यं लिव्ह. तर पुढचं तिचं, ती सांगते तसंच लिहिते आहे.

रत्ना, पोरीसाठी कपडा घेऊन ठेव, पोहाले जसा लागते तसाच. त्या बाह्या मी पोहाले नाही शिवल्या, हिच्या बापाले, प्रवीणले, दाखवाले शिवल्या. तो एकदा चार लोकांत हो म्हणला का मंग फिरत नाही, बापावर गेला आहे. चाचणीच्या दिवशी मीबी येतो, माह्या पोरीले पाहाले. अन् तुले एक आजवर सांगतलं नाही. तू नर्सिंगले गेली तवा तुह्या बाबाले मी म्हणलं होतं का तिथं नर्सा पूर्ण बाहीचं झंपर अन् नऊवारी नेसतात. तुह्या नर्सच्या फराकातला फोटो आला तो मी पेटीत दाबून ठेवला. बिचारे जाईपर्यंत तेच समजत होते.