पाठवणाऱ्याचे नाव

१८ जून १९५४

मंजूर! अकरा विरुद्ध चार. सोळा वर्षांखालच्या मुलाजवळ तंबाखू, विडी, चिरूट काहीही सापडलं की पाच रुपये दंड आणि एक वर्ष शाळेबाहेर. ताडीची दुकानं बंद पाडायला पंधरा वर्षं घसा कोरडा केला. याला तीनच बैठका लागल्या. एक तास दहा मिनिटं बोललो, मध्ये पाणीसुद्धा मागितलं नाही.

पण एक गोष्ट खटकते आहे. महालिंगानं हात वर केला – माझ्या बाजूनं! कुंभकोणमातला सगळ्यात मोठा तंबाखूचा व्यापारी! त्याआधी एकच प्रश्न विचारला, तोही हसत. "रायरे, आपल्या गावात विड्याचं सामान आणायला घरोघर मुलांनाच धाडतात. आजोबांसाठी आणणाऱ्या पोराला पकडणार का तुम्ही?"

मी म्हणालो, पकडणार! आणि विचारणार – कुणी पाठवलं? मुलानं नाव सांगावं, मूल सुटलं. मग दंड पाठवणाऱ्याला, आणि त्याचं नाव म्युनिसिपालिटीच्या फळ्यावर महिनाभर. "खरं बोलणाऱ्या मुलाला या कायद्याचं भय नाही!" सभागृह दणाणलं. तिथल्या तिथे ते कलम घातलं.

टाळ्या महालिंगानंही वाजवल्या. का?

२० जून

अजून कळलेलं नाही.

२७ जून

स्वामीमलैला सभा. मूर्ती ओतणारे कारागीर हाताला मेण लागलेलं तसेच येऊन उभे राहिले. चांगले ऐकणारे. शेवटी एक म्हातारा कमरेची चंची सोडून माझ्या पायांशी ठेवून गेला. (परत निघताना पाहिलं तर चंची नव्हती. त्यानंच उचलून नेली असणार.)

बसमध्ये मुकुंदराव शेजारी. वकील माणूस, सगळ्याला त्याच्याकडे साधं उत्तर. म्हणतो, "अरे, महालिंगाला धंदा कळतो. पोरं अर्ध्या आण्याची नेतात. मोठी माणसं स्वतः दुकानात गेली की अख्खी जुडी घेतील. तू त्याची विक्री वाढवलीस!"

एवढं साधं कारण? महालिंगाचं? शक्य नाही.

३१ जुलै

वरून मंजुरी आली. आज दवंडी फिरली, उद्यापासून कायदा लागू. जया दारात उभी राहून ऐकत होती. चौदा वर्षांची झाली तरी दवंडीवाला आला की माझी ही मुलगी ढोलक्याच्या ठेक्यावर मान हलवते. आज हलवली नाही. पाहून ठेवलं.

३ ऑगस्ट

लिहवत नाही. पण लिहिलं पाहिजे – तपशील आत्ताच नोंदवून ठेवलेला बरा.

आज आडिपेरुक्कूचा सण. कावेरीला नवं पाणी, सगळा गाव भाताचे डबे घेऊन घाटावर. चार वाजता नटराज पोलीस जयाला घेऊन माझ्या दारात! मागे वीस-पंचवीस माणसं. घाटाकडे जाणाऱ्या गल्लीत पोरांच्या झडत्या घेत होता, तेव्हा हिच्या परकराच्या ओच्यातून पुडी पडली. केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली खायची तंबाखू. चिमूटभर नाही, चार-पाच दिवस पुरेल एवढी.

नटराज म्हणाला, "रायरे, कायदा तुमचाच. दुसऱ्याची पोर असती तर कान धरून सोडलीही असती. तुमची सोडली तर गाव मला काय म्हणेल?"

त्या वीस-पंचवीस माणसांसमोर मी विचारलं, "कुणी पाठवलं?" जयाला परत विचारलं. माझ्याच कलमाचं दार उघडं आहे, एक नाव सांगितलं की सुटते – आणि ही अंगठ्यानं जमीन उकरते आहे!

अक्का, माझी थोरली बहीण, स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा आली नाही. हिची आई गेली तेव्हापासून, दोन वर्षांची असल्यापासून, अक्कानंच हिला वाढवलं. मलाही तिनंच वाढवलं. धक्का बसला असेल.

बेंच कोर्टात तारीख सतरा.

४ ऑगस्ट

दोन तास विचारलं. रागावून, समजावून, सगळ्या तऱ्हांनी.

"स्वतः खातेस?" दप्तराचा वास घेतला – शाई आणि चिंच. तोंड उघडायला लावलं. बाप असून हे करताना लाज वाटली, पण केलं.

"गर्दीत महालिंगाच्या माणसानं ओच्यात टाकली?"

तेव्हा मात्र तिनं वर पाहिलं. हसली की काय, समजलं नाही. "तसं सांगायचं असेल तर तसं सांगा, अप्पा."

म्हणजे तसंच आहे! पोर घाबरली आहे. म्हणून त्यानं हात वर केला होता. कायदा होऊ दिला, आणि पहिला बळी माझ्या घरातला!

५ ऑगस्ट

देवळाच्या रथाच्या शेडशेजारी अलमेलूचं पानांचं दुकान. तिथे गेलो. ती पानं पुसत होती, हात थांबला नाही.

"तुमची जया? तीन वर्षं येते की! गोड पोर. पैसे बरोबर आणते, घासाघीस नाही."

"कुणासाठी नेते?"

"मी कशाला विचारू, रायरे? तुम्ही पुस्तकं घेता तेव्हा दुकानदार विचारतो का, कुणाला वाचून दाखवणार म्हणून?"

तीन वर्षं! घरात कुणी तंबाखूला शिवत नाही. आणि अलमेलू माल कुणाकडून घेते? महालिंगाकडून. पढवलेली साक्ष. आकडासुद्धा कसा नेमका – तीन!

७ ऑगस्ट

शाळेच्या मुख्याध्यापिकेची चिठ्ठी. दंड झाला तर नियमाप्रमाणे वर्षभर नाव कमी करावं लागेल, वाईट वाटतं, इत्यादी. 'नियमाप्रमाणे' खाली रेघ.

बीजगणितात शंभरात सत्त्याण्णव मिळवणारी मुलगी. या वयाची मुलगी वर्षभर घरी बसली की परत शाळेत जात नाही, हे मला ठाऊक आहे. नाचियार्कोविलच्या काकूनं कालच निरोप धाडला – एक मुलगा आहे, तलाठ्याचा, पत्रिका पाठवू का? चार दिवसांत! बातमीला पाय फुटतात, की कुणी फोडतं?

८ ऑगस्ट

महालिंग घरी आला. स्वतः!

"रायरे, मी नटराजशी बोलतो. पुडीत जिरं होतं असं लिहील. कोर्टापर्यंत जायला नको."

"म्हणजे उद्या गावभर सांगायला मोकळे, की रायरांनी पोरगी लाच देऊन सोडवली?"

"एक पैसा लागणार नाही हो."

"मग तर तुम्हीच पेरलेली!"

तो उठला. चपला घालताना म्हणाला, "माझी धाकटी तुमच्या जयाच्याच वर्गात आहे. रोज गणितं हिच्याकडून करून घेते." आणि गेला.

याचा अर्थ काय? धमकी?

भाषण तयार केलं. कोर्टात महालिंगाचं नाव घेऊन आरोप करणार. मुकुंदराव म्हणतो पुरावा नाही. पुरावा म्हणजेच काय सगळं असतं?

१० ऑगस्ट

एकादशी. अक्का डोक्याला पट्टी बांधून पडून आहे. सत्तेचाळीस वर्षं एकादश्या करणारी बाई, एका उपवासानं पडेल? आणि आजचंच नाही. गेला आठवडाभर पाहतो आहे – हात कापतात, नैवेद्याची वाटी दोनदा सांडली, सांबारात मीठ दोनदा, गाईवर खेकसते, जयावर खेकसते आणि मग तिलाच जवळ घेऊन बसते.

अक्काला काहीतरी ठाऊक आहे. पोरीचं काहीतरी झाकते आहे. उद्यापासून तिच्यावर नजर ठेवणार.

१२ ऑगस्ट

ठेवली.

पहाटे अक्का स्नानाआधी परसात गेली. मी विहिरीच्या भिंतीआड. गोठ्याच्या वळचणीतून तिनं काहीतरी काढलं. केळीचं वाळकं सोपट. रिकामं. दोन्ही हातांनी नाकाला लावलं, डोळे मिटले, आणि तशीच उभी राहिली. लहान मूल आईचं लुगडं हुंगतं तशी.

"अक्का."

ती वळली. ओरडली नाही. सोपट पदराखाली लपवलं आणि मग, लपवून उपयोग नाही हे कळल्यासारखं, पुन्हा बाहेर काढलं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"मी परत आले तेव्हा तू पाळण्यात होतास, गोपाळा. चौदाची होते. केस गेले, कुंकू गेलं, विडा गेला. एक वेळचं जेवण. उरलेला दिवस काय चघळायचं? सासरच्या मोलकरणीनं एकदा गालात ठेवायला दिली होती. तेवढी राहिली."

"आणि आणायचं कोण? जयाच्या आधी?"

"तूच की."

मला वाटलं तिला भ्रम झाला.

"आठ-नऊ वर्षांचा होतास. गाईच्या दाताला लावायची म्हणून सांगत असे मी. पळत जायचास. पुढे दुसरी पोरं. मोठ्या माणसाला कसं सांगणार? मूल विचारत नाही म्हणून मुलाला सांगायचं. ही मात्र मोठी झाली, कळायला लागलं, तरी जात राहिली."

गाईच्या दाताला! मी आयुष्यभर ते खरं मानून बसलो होतो. चार भाषा वाचतो. इंग्लंडच्या पार्लमेंटचे वाद पाठ आहेत. गावातल्या प्रत्येक माणसाच्या बोलण्यात खोट शोधतो. आपल्या गाईच्या दातांना काय झालं होतं, हे एकदाही विचारलं नाही.

"मज फळ्यावर चढवू नको रे," अक्का म्हणाली. "पोरीचं वाटोळं होऊ दे असं नाही म्हणत. पण माझ्या हातचं तीर्थ कोण घेईल? सोवळ्यातली बाई, तोंडात तंबाखू! भाऊबंद दारात पाय ठेवणार नाहीत. पंगतीत चुलीपाशी मलाच बोलावतात, तेवढंच आहे मजजवळ."

मी काय उत्तर दिलं? दुखावलो होतो, चिडलो होतो. म्हणालो, "मी खऱ्याखेरीज कधी काही बोललो आहे का, अक्का?"

तिनं मान खाली घातली. मी वळलो, तर गोठ्याच्या दारात जया. हातात दुधाचं भांडं. सगळं ऐकलं असावं.

१३ ऑगस्ट

दिवसभर कुणाशी बोललो नाही. जयानं दोनदा कपाळाला हात लावून पाहिलं. "अप्पा, ताप आहे का?"

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला बोलायचं होतं. घसा बसला म्हणून कळवलं. पंचवीस वर्षांच्या भाषणांत पहिल्यांदा. बसला नव्हता.

महालिंगावरचं भाषण चुलीत घातलं. बारा पानं. त्याच्याकडे जाऊन माफी मागायला हवी. पण तो नटराजला सांगून सोडवायला निघाला होता, ते माझ्यासाठी की त्याच्या मुलीच्या गणितांसाठी? पाहा, अजून हेच!

१६ ऑगस्ट

ठरलं.

खरं सांगितलं तर अक्का जाते. गप्प बसलो तर जया जाते. कलम मीच घातलं आहे – पाठवणाऱ्याचं नाव आलं की मूल सुटतं. नाव कुणाचं यावं, एवढंच कोर्टाला हवं.

उद्या उठून सांगणार: "तंबाखू मी मागवली होती. मी खातो." आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण आणि पहिलं खोटं. महिनाभर फळ्यावर माझं नाव. म्युनिसिपालिटीचा राजीनामा लिहून ठेवला आहे. पोरं रस्त्यात हाका मारतील, 'तंबाखूराव' म्हणून. मारू देत. स्वामीमलैचा तो म्हातारा चंची हलवून हसेल. हसू दे.

कुणालाही सांगितलेलं नाही. अक्काला सांगितलं तर ती हट्टाला पेटेल. जयाला सांगितलं तर कोर्टात तिच्या चेहऱ्यावर उमटेल, आणि नटराजची नजर तिखट आहे, लगेच ओळखेल. मुकुंदरावाच्या पोटात काही राहत नाही. एकट्यानंच करायचं.

अक्कानं आज जेवण वाढताना विचारलं, "उद्या काय बोलणार आहेस?" म्हणालो, "उद्या कळेल." जया ताटावरून उठून गेली.

१७ ऑगस्ट

नाव पुकारलं. मी उठलो. तोंड उघडायच्या आत जया खणखणीत आवाजात म्हणाली, "माझीच होती. मीच खाते. कुणी पाठवलं नाही." मी ओरडलो – माझी, मी मागवली! बेंचवरचे तिघंही गालात हसले. "बापाचं काळीज, रायरे. समजतं. पण मुलगी खरं बोलली." पाच रुपये. नाव शाळेकडे धाडलं.

पायऱ्यांवर तिला विचारलं, का?

"तुम्ही उठलात ना, अप्पा. मला वाटलं, आत्याचं नाव घेणार."