मासे धरण्यात गेलेले आठ महिने

मी, बबिता सोमेश्वर मिटकरी, वय चव्वेचाळीस, राहणार जिंतूर, धंदा झेरॉक्स व टायपिंग, हे कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. दुसऱ्यांची मृत्युपत्रं मी वीस वर्षं टाइप केली. ‘मन स्थिर असताना’ हे शब्द बोटांना पाठ आहेत, पण आज ते लिहवत नाहीत. मन स्थिर नाही. बुद्धी ठिकाणावर आहे, तशी डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. येत्या गुरुवारी नांदेडला माझ्या स्तनातल्या गाठीची शस्त्रक्रिया आहे.

१. दोन खोल्यांचं घर, दुकानाचा गाळा आणि त्यातली सगळी यंत्रं माझी एकुलती एक मुलगी ईश्वरी, वय सोळा, हिला मिळावीत. झेरॉक्सचं मशीन दोन-दोन कागद ओढतं. गठ्ठा आधी झटकून घ्यावा, मशीनला चापट मारू नये.

२. ईश्वरीचे वडील हयात नाहीत. ती सज्ञान होईपर्यंत तिची पालक म्हणून चुडाव्याला राहणारी माझी धाकटी बहीण शिवरंजनी हिला मी नेमते. माझे दीर भीमाशंकर यांना नेमत नाही. ते राणीसावरगावहून आमच्यासाठी गहू आणतात, सोमेश्वर गेल्यावर वर्षभर त्यांनीच दुकान सांभाळलं. त्यांच्या प्रेमाबद्दल तक्रार नाही. पण संक्रांतीला आले तेव्हा ईश्वरी टीव्हीवर घोड्याचा गेम खेळत होती, आणि ते दारातूनच म्हणाले, “वैनी, पोरीला लय मोकळी सोडायलाव तुमी. उद्या दुसऱ्याच्या घरी जायचंय तिला.”

“काका, तुमी पण बसा की,” ईश्वरी म्हणाली. “घोडा देते तुमाला.”

ते बसले नाहीत. मी नसताना ते तिला घरात बसवतील, ही धास्ती मला गाठीपेक्षा जास्त आहे. म्हणून हे कलम.

३. गेमचं यंत्र ईश्वरीचंच आहे, तिच्या मामाने दिलेलं. त्यात ‘आरव्हेना’ नावाचा गेम आहे. तो मी चौदा महिने खेळले. याबद्दल नातेवाइकांत कुजबुज आहे, म्हणून खरं काय ते लिहिते.

त्यात एक बाई घोड्यावरून मुलूखभर फिरते. समोर जो डोंगर दिसतो त्यावर खरंच चढता येतं. पहिल्या दिवशी मी गावाच्या वेशीवर थांबले. कोणीतरी ‘कुठं निघालीस’ विचारेल म्हणून वाट पाहत राहिले. कोणी विचारलं नाही. मी पुढे गेले. गवतातून वारा गेलेला दिसतो, उंचावरून नदीची सगळी वळणं दिसतात. जिंतूरहून चारठाण्याच्या देवळांना जायचं तरी मला आजवर निमित्त सांगावं लागलं. त्या गेमचे उपकार मी विसरणार नाही.

दोषही पुष्कळ. घोडा दारात अडकून बसतो. गावोगावच्या बायका त्याच तीन वाक्यांवर येतात. दरोडेखोरांचा एक तळ पाहिला की पुढचे तीस पाहिल्यासारखेच. उत्तरेचं खोरं तर अर्धवट आहे, घरं आहेत पण एकही दार उघडत नाही. बनवणाऱ्यांना जमण्याआधीच मुलूख वाढत गेला असावा. तरी मला त्यांचा राग येत नाही. लहान गेम बनवून ते सुखात राहिले असते.

माझा सेव्ह केलेला खेळ तिसऱ्या रकान्यात आहे. जागा लागली तर पुसून टाकावा. मागे एकदा मी चुकून ईश्वरीचाच खेळ पुसला होता आणि वीज गेल्यामुळे गेला असं सांगितलं होतं. ते खोटं होतं.

४. सगळ्यात मोठा दोष वेगळा लिहिते. त्या बाईचा भाऊ किल्ल्यात कैद आहे. सगळे सांगतात, लवकर जा, वेळ थोडा आहे. पण वेळ संपतच नाही. तुम्ही महिनाभर मासे धरा, भाऊ तसाच जिवंत.

“आई, तो तिकडं कोंडलाय अन् तू मासे धरायलीस?” ईश्वरी हसायची.

“एवढी नदी होऊ दे गं.”

गणपतीत परभणीच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा महिन्याच्या आत तपासायला सांगितला होता. मी आधी दिवाळी उरकली. मग दुकानात फॉर्म भरणाऱ्यांची गर्दी होती. मग नात्यातलं लग्न. आठ महिने गेले. तपासणीची ती चिठ्ठी लॅमिनेशनच्या कव्हरांखाली ठेवली होती, ती गेल्या महिन्यात ईश्वरीच्या हाती लागली. ती ओरडली नाही. गल्ल्याशी उभी राहून तारीख पुन्हा पुन्हा वाचत होती.

“हे पण मासे धरण्यासारखंच वाटलं का तुला?” तिने विचारलं.

दोष गेमचा नाही. माझा आहे. ईश्वरीने स्वतःला कधीही, कशाहीसाठी दोष देऊ नये. हेही कलमच समजावं.

५. मला आमच्या रीतीप्रमाणे बसवून पुरावं. गळ्यातलं इष्टलिंग जन्मल्यापासून मी अंगावेगळं केलेलं नाही. थिएटरमध्ये गळ्यात काहीही चालणार नाही, असं नर्सबाईंनी सांगितलं आहे. ते मी भीमाशंकर भाऊजींकडे देणार होते, रीतीचं सगळं त्यांना येतं. पण काल ईश्वरीने हात पुढे केला. म्हणाली, “माझ्याकडं दे. मी दारातून हलणार न्हाई.”

तर गुरुवारी ते तिच्या हातात असेल. मी शुद्धीवर आले तर तिने ते माझ्या गळ्यात घालावं. न आले तर माझ्या डाव्या तळहातावर ठेवावं. दोन्हीपैकी काहीही झालं तरी त्यानंतर तिचे दोन्ही हात मोकळे आहेत. तिला कोणी अडवू नये.

हे मृत्युपत्र मी स्वतः टाइप केलं, स्वतः वाचलं. याआधी दुसरं केलेलं नाही.

सही: बबिता सोमेश्वर मिटकरी
आमच्यासमोर सही झाली: आश्रुबा चंद्रभान घुगे, शेजारचे दुकानदार, अपेक्षा भुजंग कदम, शिक्षिका
जिंतूर, जि. परभणी. सोमवार, १२ मे २०२५