दहाव्याचा ट्रंककॉल

कोल्हार, ४ फेब्रुवारी १९७३

चि. नृसिंह यास,

सुतक आहे म्हणून आशीर्वाद लिहीत नाही. नसतं तरी लिहिले नसते. आई गेल्याची तार मिळूनही तू आला नाहीस; अग्नी विष्णुपंतकाकांनी दिला. दहावं शनिवारी, प्रवरेच्या घाटावर. आईचा जीव सुनीतीत अडकला होता. आपल्या या धाकटीचे पाय लहानपणीच गेले, तेव्हापासून आईनेच तिचं सगळं केलं. तिला मुंबईला नेईन, असं तू पिंडासमोर स्वतः म्हटल्याशिवाय कावळा शिवायचा नाही. मिरजगावला माझ्या सासरी दोन खोल्यांत सात माणसं आहेत, हे तुला ठाऊक आहे. मुकाट्याने ये.

इंदू

मुंबई, ६ फेब्रुवारी १९७३

॥ श्री ॥

ती. इंदूताईस सा. न. वि. वि.

येणं जमत नाही. दोन एक्स्चेंजांमधल्या आमच्या नव्या ट्रंक लाइनची चाचणी शनिवारीच आहे. कोल्हारच्या पोस्टात ट्रंककॉल लावून शब्द देतो, काकांनी तो घाटावर सांगावा. तारेवरचा शब्द कमअस्सल समजू नकोस. नव्या लाइनवर तर आवाज जसाच्या तसा जातच नाही. सेकंदाला आठ हजार वेळा तो मोजायचा आणि प्रत्येक माप ‘ठोका आहे’ किंवा ‘ठोका नाही’ अशा आठ खुणांत पाठवायचं. दोन मापांमधल्या वेळात दुसऱ्यांची बोलणी बसतात, एका लाइनवर तीस. वाटेत खुणा पुन्हा ताज्या करतात, म्हणून खरखर साठत नाही, आणि पलीकडे त्या मापांवरून आवाज परत उभा राहतो. मग माणसाने तिथे असायलाच हवं, हा हट्ट कशाला? तुझ्या जाचाला मी लहानपणापासून कंटाळलो आहे.

राग आवरावा, लोभ सोडू नये.

नृसिंह

कोल्हार, ११ फेब्रुवारी १९७३

चि. नृसिंह यास,

सुतकात श्री लिहिलंस आणि वर मलाच शहाणपण शिकवतोस. मधलं गाळून मोजायची विद्या तुला आधीपासूनच येते. आईला तू दिवाळी ते दिवाळी मोजलंस.

काल पोस्टमन तुझ्या फोनचा निरोप घेऊन घाटावर आला. काकांनी तो मोठ्याने सांगितला. कावळे लिंबावर बसून राहिले. ऊन चढलं. शेवटी मीच म्हटलं, सुनीतीला मिरजगावला नेते. मनात नव्हतं, आणि ते माझं मलाच ऐकू आलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा बैलगाडीतून सुनीतीने आईला सांगितलं, की मी कोणाकडेच जाणार नाही, इथेच शिवणावर पोट भरीन, तू सुखाने जा. कावळा शिवला.

इतक्या वर्षांत तिला आपण कोणीच विचारलं नव्हतं. मला त्याची लाज वाटते, तुला वाटेल असं वाटत नाही.

तेरावं झालं की तिने मला सासरी जायला सांगितलं आहे. तू तेराव्याला येऊ नयेस, असा तिचा निरोप आहे. मी तिची समजूत घातली नाही.

लोभाचं यापुढे तिलाच विचार.

इंदू