दगडाखालचा कोळसा

बाबा, तुम्ही पुरलेला कोळसा मला सापडला. घुग्घुसच्या रस्त्याला, जिथं तेव्हा शेताच्या धुऱ्यावर, बांधाबांधानं, नुसते पळस होते, तिथं आता ले-आऊट पडलाय. शेताचे प्लॉट पाडलेत, चुन्याच्या रेघा मारल्यात, कमानीला झेंडूची माळ लावलीय. नळाची लाइन तिथवर न्यायची की नाही, हे बघायचं काम माझ्याकडं आहे. तुम्ही गेल्यावर तुमची मुलगी शहराच्या नगररचनेच्या ऑफिसात लागलीय, आणि तिथं सगळे तिला शंकासूर म्हणतात.

म्हणोत बापडे. नकाशा जितका स्वच्छ, तितकी माझी शंका वाढते. बगीचा म्हणून हिरवा रंग दिलेला असतो तिथं नाला निघतो. कुणी चहा पुढं केला तरी वाटतं, हा कशासाठी? ही खोड तुमचीच. सरकारी मोजणीला निघताना तुम्ही चुलीतले विझलेले कोळसे वर्तमानपत्रात बांधून घ्यायचे आणि आई कुरकुरायची, "मंग भात कायच्यावर शिजवू?" एकदा मी त्यातल्याच कोळशानं अंगणात बिल्लस खेळायला चौकोन आखले, तर तुम्ही माझ्यावर ओरडलात. तेवढं एकदाच. मग ओशाळून जवळ बसवलंत. "गोटा कोणीबी सरकवते, माय. त्याच्याखाली कोळसा हाय हे कोणाले मालूम नसते. अन् तो सडतबी नाई." हद्दीच्या प्रत्येक दगडाखाली तुम्ही तो पुरायचे.

ले-आऊटच्या मागं आपल्याच समाजाची जुनी वस्ती आहे. रस्ता नियमाइतका रुंद भरला तर लाइन वस्तीपर्यंत जाणार, नाही तर ले-आऊटमध्येच संपणार. मी हद्दीच्या दगडापासून रस्त्यावर टेप धरते. आठ फूट कमी. वस्तीतली एक म्हातारी कमरेवर पाण्याची रिकामी गुंडी घेऊन उभी आहे. विचारते, "बाई, येते का मंग आमच्या इथी पाणी? का आमी टँकरचीच वाट पाहू?" ले-आऊटवाला, या शेताच्या जुन्या मालकाचाच मुलगा, हसतो आणि नकाशा पुढं करतो. "मॅडम, हा गोटा तुमच्या बाबानंच गाडला. सही पाहा ना. आता त्याइच्यावरबी शंका घेऊन राह्यल्या का?"

सही तुमचीच होती. मी मजुराला दगड उपटायला लावला. खाली नुसता मुरूम. खरं सांगते, मला आनंद झाला. दगड यांनीच सरकवला, नकाशाही यांनीच बनावट केला, अशी माझी खात्री झाली. तिथून शेताच्या बाजूला आठ फूट मोजून पुन्हा खणायला लावलं. गुडघाभर खाली कोळसे निघाले, काळेभोर, काल ठेवल्यासारखे. म्हातारी वाकून म्हणाली, "चूल होती का वो इथी?"

दुसऱ्या दिवशी मी सरकारी दप्तरातला मूळ नकाशा काढून बघितला. तीच रेघ, तीच सही. दगड तसूभरही हललेला नव्हता. कागदावर तुम्हीच रस्त्याचे आठ फूट शेतात घातले होते, दगडही त्याच रेघेवर गाडला होता, आणि कोळसा मात्र गुपचूप खऱ्या जागी पुरला होता.

का, बाबा? कुणी धमकावलं? वस्तीला पाणी लागेल तेव्हा कुणीतरी खणेल, असं वाटलं होतं का? नकाशावरचं साल बघितलं आणि मला आठवलं, त्याच साली माझी निळी सायकल आली होती. ती कुठून आली, हे आईनंही कधी विचारलं नाही. त्याच सायकलवर मी शाळेत गेले, शिकले, या खुर्चीवर आले. मला तुमचा राग येतो. आणि त्या धुऱ्यावर एकटेच वाकून तुम्ही वर्तमानपत्राची पुडी सोडताय, हे डोळ्यांपुढं आलं की रडू येतं.

अहवाल मी लिहिला. फेरमोजणी व्हावी, रस्ता पूर्ण रुंदीचा धरावा, लाइन वस्तीपर्यंत न्यावी. काल तो साहेबांकडं गेला. हे पत्र मात्र तुमच्या जुन्या पिशवीत, मोजणीच्या साखळीखाली ठेवतेय. एक सांगायचं राहिलं. अहवालात मूळ मोजणी करणाऱ्याच्या नावाचा रकाना असतो. तिथं मी 'सही वाचता येत नाही' असं लिहिलं. दहा वर्षं माझ्या प्रगतिपुस्तकावर तीच सही होती.